पावडर घेतली अन् पोटात वारं धरलं

प्रश्न : नुकतीच शुगर निघाली. मेडिकलमधून इन्युलिनची प्रीबायोटिक पावडर आणली. दोन मोठे चमचे घेतले की पोट फुगतं. बंद करू का? शुगरचा आतड्याशी संबंध काय?
— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : माप चुकलं. दोन मोठे चमचे म्हणजे पंधरा ग्रॅमच्या घरात. इन्युलिन (इन्सुलिन नव्हे) हा चोथ्याचा, म्हणजे फायबरचा, एक प्रकार; प्रीबायोटिक म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य. ते लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, तोच तुमचा गॅस. चहाच्या एका चमच्यापासून, म्हणजे साधारण अडीच ग्रॅमपासून सुरू करा, आठवड्याला एकेक वाढवा, तीनवर थांबा. तरीही त्रास झाला तर सोडा. पावडरीवाचून काही अडत नाही.

आता संबंध. मोठ्या आतड्याच्या आतून बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो. त्याचा आतला पदर घट्ट, तिथे जिवाणू सहसा शिरत नाहीत. खाण्यात चोथा नसला की उपाशी जिवाणू हा थरच कुरतडतात. थर पातळ झाला की जिवाणूंच्या आवरणाचे विषारी तुकडे रक्तात झिरपतात, शरीरात मंद दाह राहतो आणि इन्सुलिनचं काम अडतं, मग शुगर वाढते. यातलं बरंचसं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे, माणसांत पुरावा अजून तोकडा. चोथा मिळाला तर हेच जिवाणू ब्युटिरेट बनवतात. आतड्याच्या पेशींचं ते मुख्य इंधन.

अक्करमान्सिया नावाचा जिवाणू (२००४ साली नोंदला गेला) श्लेष्मावरच जगतो, तरी लठ्ठपणा आणि मधुमेहात तो बहुधा कमी आढळतो. म्हणून लगेच त्याच्या महागड्या कॅप्सूलमागे धावू नका.

मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा हवा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात तो सुमारे दहा ग्रॅम, अख्ख्या हरभऱ्यात पंचवीसच्या आसपास. दोन भाकरी, वाटीभर उसळ, कच्चा कांदा, चमचाभर जवसाची चटणी. एवढ्यात बराचसा पल्ला गाठतो. पीठ बारीक चाळणीने चाळू नका. हरभरा रात्री भिजवून पाणी फेका, गॅस कमी होतो. शुगरची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाही.

प्रश्न : थंड भाताने शुगर कमी वाढते म्हणे. रात्रीचा भात सकाळी खाऊ का? फ्रीज नाही.
— एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : गार झाल्यावर भातातला थोडा स्टार्च न पचणारा होतो, हे खरं; पण फरक लहानच. फ्रीजशिवाय रात्रभर ठेवलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू वाढतो. त्याचं उलटी आणणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उन्हाळ्यात तर नकोच. ताजाच खा, पण भात कमी, वरण जास्त.