यूएसबी पोर्ट मंद चालतात म्हणून मदरबोर्ड बदलावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ साली असेंबल करून घेतलेला चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) स्वस्तातला मदरबोर्ड, विंडोज १०. कॅबिनेटच्या पुढच्या निळ्या पोर्टला पोर्टेबल हार्ड डिस्क लावली की कॉपी सेकंदाला ३५ एमबीच्या वर जात नाही, पेन ड्राइव्ह तर ८ वर येऊन बसतो. दुरुस्तीवाले म्हणतात, पोर्ट गेलेत, बोर्ड बदला.

बोर्ड बदलू नका. तुमच्या प्रोसेसरला लागतं ते सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) आणि डीडीआर३ रॅम आजच्या नव्या बोर्डावर चालत नाहीत. म्हणजे बोर्डासोबत प्रोसेसर आणि रॅमही घ्यावी लागेल. एवढा खर्च करण्याआधी तुम्हीच लिहिलेल्या त्या दोन आकड्यांकडे नीट पाहा. ३५ चं कारण वेगळं आहे आणि ८ चं वेगळं.

माझा फोटो स्टुडिओ आहे आणि बरीच वर्षं मी एच८१ वरच काम केलं. लग्नाहून रात्री परतलं की ६४ जीबीची दोन कार्डं कॉम्प्युटरवर उतरवायची आणि तिथून बॅकअप डिस्कवर टाकायची. ३५ च्या वेगाने ६४ जीबीला अर्धा तास लागतो, ११० च्या वेगाने दहा मिनिटांच्या आत काम होतं. हा फरक मी रोज रात्री भोगलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ३५ चं. यूएसबी २.० चा, म्हणजे जुन्या पिढीच्या जोडणीचा, कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. त्यातला बराचसा भाग दोन्ही बाजूंच्या देवाणघेवाणीतच जातो आणि हाती ३० ते ४० एमबी उरतात. तुमची कॉपी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ३५ ला चिकटून चालते. बिघडलेला पोर्ट असा चालत नाही. तो डिस्क मध्येच सोडतो, ‘डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ म्हणतो, आकडा वर-खाली करतो. एका जागी स्थिर राहिलेला ३५ चा आकडा सांगतो की पोर्ट बहुधा ठणठणीत आहे, फक्त जोडणी २.० ची होते आहे. त्यानंतरच्या ३.० चा कागदावरचा वेग ५ गिगाबिट आणि प्रत्यक्षात ४०० एमबीच्या आसपास. फिरणारी पोर्टेबल डिस्क मुळात १०० ते १३० च देते, पण ती ३५ वर अडकायला नको.

आता निळ्या रंगाबद्दल. ३.० चा पोर्ट निळा असावा अशी फक्त शिफारस आहे, सक्ती नाही. शिवाय एच८१ चिपसेटमध्ये ३.० चे पोर्ट फक्त दोन असतात, बाकीचे आठ २.० चे. बोर्ड बनवणारे ते दोन कुठे काढतात हे बोर्डागणिक बदलतं. बऱ्याच बोर्डांवर दोन्ही मागेच दिलेले असतात आणि पुढच्या पॅनलसाठी ३.० ची जोडणी नसतेच. कॅबिनेटवर मात्र निळे पोर्ट असतात आणि त्यांची वायर १९ पिनांची, जाड असते. मग असेंबल करणारा १९ चं ९ पिनांत रूपांतर करणारा छोटा कन्व्हर्टर लावतो आणि ती वायर २.० च्या जागेवर बसवतो. पोर्ट चालू होतो, पेन ड्राइव्ह दिसतो, बिल होतं. माझ्या कॅबिनेटमध्ये नेमकं हेच निघालं, तेही तीन वर्षांनी, धूळ काढायला बाजूचं झाकण उघडलं तेव्हा. तोवर मी दोन केबल आणि एक कार्ड रीडर बदलून बसलो होतो. ज्यांनी मशीन जोडलं त्यांनी हे सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं. गिऱ्हाईक निळा पोर्ट पाहूनच पैसे देतं.

म्हणून पहिली गोष्ट ही करा. तीच डिस्क, तीच केबल, पण मागच्या निळ्या पोर्टला लावा आणि दोन-तीन जीबीची एकच मोठी फाइल, एखादा व्हिडिओ, कॉपी करून बघा. आकडा शंभराच्या आसपास गेला तर तुमचा शोध तिथेच संपला. झाकण उघडून खात्री करायची असेल तर कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, मग पुढच्या पॅनलची जाड वायर बोर्डावर कुठे जाते ते पाहा.

मागेही ३५ च आला तर केबल तपासा. पोर्टेबल डिस्कच्या ३.० केबलचं टोक रुंद आणि दोन भागांचं असतं. त्यातल्या मोठ्या भागात मोबाईलची जुनी मायक्रो यूएसबी केबल बरोबर बसते आणि डिस्क चालूही होते, पण २.० च्या वेगानेच. मूळ केबल हरवल्यावर घरात सापडेल ती लावली, असं माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं झालेलं असतं. तुमच्या डिस्कला कोणती केबल आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सांगून ठेवतो. मध्ये एक्स्टेन्शन केबल किंवा हब असेल तर तोही काढून बघा.

आणखी एक बारीक गोष्ट. ३.० च्या प्लगमध्ये २.० चे चार संपर्क पुढे असतात आणि जादा पाच आत, खोलवर. प्लग हळूहळू सरकवत घातला तर आधी चार जुळतात, कॉम्प्युटर डिस्कला २.० म्हणून ओळखतो आणि पुढेही तसंच चालू ठेवतो. एकदा काढून एका दमात, पूर्ण आत घाला. त्या जादा पाच संपर्कांवर धूळ किंवा काळपटपणा असला तरी हाच परिणाम. मशीन बंद असताना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या बारीक ब्रशने हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच चालू करा.

तरीही तेच असेल तर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी बोर्डाची सेटिंग. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा आणि यूएसबीच्या भागात ‘एक्सएचसीआय मोड’ (३.० चालू-बंद करायची सेटिंग) शोधा. तो ‘डिसेबल्ड’ असेल तर निळे पोर्टही २.० सारखेच चालतात. ‘एनेबल्ड’ किंवा ‘ऑटो’ करून सेव्ह करा. दहा वर्षं जुन्या बोर्डावरचा नाण्यासारखा सेल (सीआर२०३२) बहुधा संपत आलेला असतो. कॉम्प्युटर उघडल्यावर तारीख चुकीची दिसत असेल तर तो आधी बदला, नाहीतर बायोसमधला बदल टिकणार नाही. ड्रायव्हरच्या मागे विंडोज १० वर सहसा लागावं लागत नाही, ३.० चा ड्रायव्हर त्यात आधीच असतो. विंडोज ७ असतं तर वेगळा टाकावा लागला असता.

जोडणी नेमकी कोणत्या वेगाने झाली हे डोळ्यांनी बघायचं असेल तर ‘यूएसबी ट्री व्ह्यू’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. डिस्कवर क्लिक केलं की वेग लिहिलेला दिसतो. तिथे ‘सुपर-स्पीड’ हवं. ‘हाय-स्पीड’ दिसलं तर नावावर जाऊ नका, यूएसबीच्या भाषेत हाय-स्पीड म्हणजे तेच जुनं ४८० मेगाबिट.

आता पेन ड्राइव्हचं ८. याचा पोर्टाशी बहुधा काहीच संबंध नाही. स्वस्त पेन ड्राइव्हवर ३.० छापलेलं असतं ते जोडणीबद्दल. आतली मेमरी लिहायला मंदच असते. कॉपी सुरू होताना विंडोज आधी रॅममध्ये भरतं, म्हणून पहिले काही क्षण शंभर-दीडशे दिसतात, मग आकडा घसरून खऱ्या वेगावर येतो. उलटं करून बघा: पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटरवर मोठी फाइल घ्या. फाइल त्याच कॉम्प्युटरवरून नुकतीच टाकलेली असेल तर आधी पेन ड्राइव्ह एकदा काढून परत लावा, नाहीतर रॅममधलाच वेग दिसेल. वाचताना आकडा ५० च्या वर टिकून राहिला तर ती ३.० चीच जोडणी आहे, कारण २.० मधून एवढं येऊच शकत नाही. ही चाचणी मला सगळ्यांत खात्रीची वाटते आणि तिला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

हजारो छोटे फोटो एकेक करून टाकत असाल तर वेग आणखी पडतो, कारण प्रत्येक फाइलची नोंद वेगळी करावी लागते. मी अल्बमची एक झिप करून टाकतो. जेपीजी मुळात दाबलेल्याच असतात, तेव्हा झिप करताना कॉम्प्रेशन बंद ठेवा, वेळ वाचेल.

मागचे दोन्ही निळे पोर्ट नीट चालतात पण दोन पुरत नाहीत, किंवा ते खरंच खराब झालेत, असं निघालं तर बोर्डावर लहान पीसीआय एक्सप्रेस स्लॉट रिकामा आहे का ते बघा. त्यात बसणारं यूएसबी ३.० चं कार्ड मी साधारण हजार रुपयांच्या आत घेतलं होतं. एच८१ वरच्या त्या स्लॉटची कमाल सेकंदाला ५०० एमबी आहे, म्हणजे तुमच्या डिस्कला पुरून उरेल. डिस्कला वीजही तिथूनच मिळणार असल्यामुळे पॉवर सप्लायची वायर जोडता येते असं कार्ड घ्या. यूएसबी ३.० च्या पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यायला हवेत, आणि वायर नसलेली हलकी कार्डं दोन डिस्क एकदम लावल्या की दमतात. कार्डाशेजारी वायरलेस माउसचं रिसीव्हर लावू नका. ३.० चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, माउस अडखळतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. रिसीव्हर पुढच्या पोर्टला लावा, त्याला २.० पुरतं.

एका बाबतीत मात्र थांबू नका. डिस्कचा आकडा ३५ वर स्थिर न राहता मध्येच शून्यावर जात असेल, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर लावून पाहा. तिथे ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (डिस्कवरच्या नीट वाचता न येणाऱ्या जागा) पुढे शून्याखेरीज काही दिसलं तर पोर्ट शोधत बसण्याआधी, आहे त्याच वेगाने, रात्रभर लागली तरी चालेल, पण सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.