मित्र आपसात एकमेकांना जातीवरून हाक मारतात, मग मी मारली तर राग का?

नाही मारायची. तुम्ही स्वतः कुणबी, आणि बौद्ध मित्रांसोबत लहानाचे मोठे झालात. पानठेल्यावर ते एकमेकांना जुन्या जातीचं नाव बिघडवून हाक मारतात. तुम्हीही मारली, तर एक जण उठून गेला. तो शब्द तुम्ही प्रश्नात लिहिला नाही, मीही लिहीत नाही.

त्या पोट्ट्यांनाही तो सगळीकडे चालत नाही. बरोबरीचं वय, एकच मोहल्ला आणि ऐकणारे सगळे आपले, एवढं जुळलं तरच. बापासमोर नाही, विहारात नाही, 14 एप्रिलच्या मिरवणुकीत तर नाहीच. 14 ऑक्टोबर 1956 ला ज्यांनी नागपुरात धम्म घेतला आणि मेलेली ढोरं ओढणं सोडलं, त्यांच्या घरात नातू तोच शब्द गमतीत वापरतो म्हटल्यावर आजी कानफटात देते. पोरं म्हणतात, लोक ज्यानं मारतात तो शब्द आपणच खेळात घेतला की बोथट होतो. मला आजीचं जास्त पटतं. पण हा त्यांच्या घरातला वाद आहे, त्यात तुमचं मत कोणी मागितलेलं नाही.

"कागदावर तर तुम्हीच जात लिहिता!" हेही लोक त्यांना ऐकवतात. जात पडताळणीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढावी लागते. पंजीत बऱ्याचदा पोराचं नावच नसतं. बापाचं नाव, जात आणि 'एक मुलगा'. मग तो मुलगा म्हणजे आपलाच आजा, हे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून जुळवत बसा. एवढी खटपट करून ते नाव दाखवणं आणि ठेल्यावर तुम्ही ते बिघडवणं यात काही नातं नाही.

आता राग का, ते. गावोगावी हे एकाच वाटेनं जातं. ठेल्यावर हसून म्हणणारा दोस्तच मृगात ट्रॅक्टरवर असतो. वाफसा आलेला, पेरणीची घाई, आणि बौद्धाच्या दोन एकराचा नंबर मागे ढकलला जातो. तो विचारतो, "काऊन बे, माहा नंबर होता ना?" उत्तरात तोच शब्द येतो, फक्त आधीचं 'गड्या' गळतं आणि नंतर 'माजले' लागतं. बांधावर दहा माणसं ऐकत असतात. ऐकणाऱ्याला तेव्हा ठेल्यावरची प्रत्येक हाक आठवते.

इथून पुढे अ‍ॅट्रॉसिटी. 1989 च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यातलं कलम 3(1)(आर) आणि (एस): लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा जागी अपमान किंवा जातीवाचक शिवी, सहा महिने ते पाच वर्षं. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसावा लागतो, म्हणून मांगाच्या पोरानं तोच शब्द वापरला तर भांडण होईल, हे कलम लागत नाही. कुणबी, तेली, माळ्याला लागतं. कलम 18 मुळे अटकपूर्व जामीन जवळपास बंद. आणि दोस्तानं कधीकाळी "तुला चालते बे" म्हटलं असलं तरी ते ठाण्यात दाखवायचा परवाना नाही.

गावातली भांडणं मिटवणाऱ्या तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांना माझं खास सांगणं आहे, कारण "तेच म्हणतात ना एकमेकांना, मिटवा पोरांचं" हे वाक्य त्यांचंच. हा गुन्हा समितीत मिटत नाही. तडजोडीवर रद्द करायचा तर कोर्टात जावं लागतं. फिर्यादीच्या बापाला चहाला बोलावून दबाव टाकणं म्हणजे वेगळी भानगड. आणि जे सभ्यपणे 'जयभीमवाले' म्हणतात, त्यांचा सूर तोच असेल तर तीही शिवीच.

तुम्ही त्याच्या घरी जा, निरोप पाठवू नका. "मजाक होती" म्हणू नका. ज्यांच्यासमोर म्हटलं त्यांच्यासमोर माघार घ्या. हां, दोस्तीतल्या एका हाकेवर गुन्हा टिकेलच असं नाही. अपमानाचा हेतू दिसावा लागतो, चार भिंतींआड बाहेरचा कोणी नसताना म्हटलेलं धरत नाहीत. पण पानठेल्याला भिंती नसतात.