मस्टँगला हेडर निवडताना आधी कॅटची जागा पाहा

तुमचा प्रश्न असा आहे की खारघरमधील २०१७च्या मस्टँग जीटीला, म्हणजे ५ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या बीएस-४ गाडीला, लाँग ट्यूब (लांब नळ्यांचे) हेडर (इंजिनातील जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) बसवावे की शॉर्टी (आखूड नळ्यांचे), आणि त्यानंतर पीयूसी मिळेल का. तुर्भ्याच्या एका गॅरेजवाल्याने तुम्हाला ‘कॅट काढून टाकू, पीयूसीचे मी बघतो’ असे सांगितल्याचेही तुम्ही लिहिले आहे. कॅट म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर. त्याला आधी नकार कळवा, मग पुढे वाचा.

हेडर निवडताना बहुतेक जण नळीचा व्यास आणि लांबी पाहतात. माझ्या मते पहिला प्रश्न कॅटलिटिक कन्व्हर्टर जागेवर राहतो की नाही, हा आहे. कॅट साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोहोचल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणूनच कंपनी तो इंजिनाच्या शक्य तितका जवळ बसवते. शॉर्टी हेडर मूळ मॅनिफोल्डच्याच (कंपनीने दिलेल्या एक्झॉस्ट नळ्यांच्याच) जागी बसते आणि कॅट जिथे होता तिथेच राहतो. लाँग ट्यूबमध्ये मात्र नळ्याच इतक्या लांब असतात की कॅट मागे सरकवावा लागतो किंवा काढावा लागतो. मागे सरकवलेला कॅट उशिरा तापतो आणि सकाळी गाडी सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटे धूर जवळजवळ न गाळताच बाहेर पडतो.

इथे ‘पीयूसी मिळाली म्हणजे गाडी स्वच्छ’ हा गैरसमज दूर केला पाहिजे. बीएस-४ पेट्रोल गाडीच्या चाचणीत आयडलवर (गाडी उभी, इंजिन संथ चालू) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन, न जळलेले इंधन) २०० पीपीएमच्या आत, तर सुमारे २५०० आरपीएमवर सीओ ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्ब्डा (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान असावा लागतो. ही चाचणी गरम इंजिनावर होते आणि तीत नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. त्यामुळे मागे सरकवलेल्या कॅटची गाडी पीयूसीत पास होऊ शकते आणि तरीही रोज सकाळी सोसायटीच्या आवारात मूळ गाडीपेक्षा कितीतरी जास्त विषारी धूर सोडू शकते. आमच्या घोडबंदर रोडवर वाघबीळच्या सिग्नलला रिक्षात, दुचाकीवर लहान मुले घेऊन बसलेली माणसे पाहिली की हा मुद्दा मला कागदावरचा वाटत नाही.

अमेरिकन हेडरच्या जाहिरातीत कॅलिफोर्नियाच्या कार्ब या हवा-प्रदूषण नियामक संस्थेचा ईओ (मंजुरी) क्रमांक दिसतो. आपल्याकडे त्याला कायदेशीर अर्थ नाही, पण तो असेल तर त्या भागामुळे प्रदूषण वाढत नाही हे तपासले गेले आहे, एवढे समजते. कॅट हलवणाऱ्या लाँग ट्यूबला तो सहसा नसतोच. शिवाय तुमची गाडी राइट हँड ड्राइव्ह आहे. अमेरिकेतील लाँग ट्यूब डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी बनवलेली असते आणि आपल्याकडे ती उजवीकडच्या स्टिअरिंग शाफ्टला अडू शकते. ‘थोडी ठोकून बसवू’ असे कोणी म्हटले तर गाडी तिथून परत आणा.

मी २०१४ साली माझ्या आधीच्या चार सिलिंडरच्या गाडीला एका गॅरेजमध्ये बनवून घेतलेले हेडर बसवले होते. महिन्याभरात सकाळी थंड इंजिनावर टिक-टिक असा आवाज येऊ लागला आणि गाडी तापली की तो बंद व्हायचा. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कंप्युटरने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट) अधिक १२ टक्के दिसत होता. शेवटी बॉनेट उघडून थंड इंजिन सुरू केले आणि फ्लँजच्या (हेडर इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीच्या) कडेने पेटलेली उदबत्ती फिरवली, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरजवळ धूर थरथरत आत ओढला जात होता. पातळ फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकली होती. अशा फटीतून बाहेरची हवा आत शिरते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर त्यावरून पेट्रोल कमी पडते आहे असे समजतो, कंप्युटर पेट्रोल वाढवतो आणि कॅटवर अकारण भार येतो. म्हणून फ्लँज जाड आणि सपाट आहे ना, हे सरळपट्टी लावून तपासा. नळी ३०४ स्टेनलेसची घ्या, कारण खाडीकाठच्या दमट हवेत साधे लोखंड फार टिकत नाही. सेन्सर मूळ अंतरावरच बसला पाहिजे. चेक इंजिनचा दिवा विझवण्यासाठी कॅटच्या मागच्या सेन्सरखाली स्पेसर (अंतर वाढवणारा तुकडा) घालू नका. नाहीतर कॅट निकामी झाला तरी तुम्हाला कळणार नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या १९०(२) कलमाखाली प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाते. बेकायदा फेरफारासाठी १८२-अ(४) कलम वेगळे आहे. तुमची नोंदणी एमएच-४६ची असेल, तर पनवेलच्या आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे काम सुरू करण्याआधीच लेखी विचारणा करा.

माझे मत विचाराल तर, या इंजिनाला कंपनीने मुळातच नळ्यांचे मॅनिफोल्ड दिले आहे, त्यामुळे शॉर्टीने ताकदीत फारसा फरक पडणार नाही. मूळ मॅनिफोल्ड तडकले असेल तर शॉर्टी जरूर बसवा. केवळ आवाज हवा असेल, तर मूळ मॅनिफोल्ड आणि कॅटला हात न लावता मागच्या सायलेन्सरपुरताच विचार करा, आणि त्याचा आवाजही मर्यादेत ठेवा. काहीही बसवले तरी नवे गॅस्केट वापरा, दोन-तीनदा इंजिन पूर्ण तापून थंड झाल्यावर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, आणि काढलेले मूळ भाग तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा.