भ्रूणाची वाढ आणि स्वतः जोडायचा सूक्ष्मदर्शक

प्रश्न : मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. जिवंत भ्रूणाची वाढ पाहण्यासाठी कोणालाही जोडता येतील असे सूक्ष्मदर्शक निघाले आहेत, असे वाचले. आमच्याकडे तसा एखादा जोडता येईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या वाचनात आलेले यंत्र बहुधा ‘ओपनस्पिम’ असावे. ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेतील पावेल टोमान्चाक यांच्या गटाने २०१३ मध्ये त्याचे आराखडे, सुट्या भागांची यादी आणि जोडणीच्या सूचना सर्वांसाठी खुल्या केल्या.

नेहमीच्या प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकात (म्हणजे प्रकाश पडल्यावर चकाकणारे रेणू टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) प्रकाश भ्रूणाच्या संपूर्ण जाडीतून जातो, त्यामुळे नको असलेले थरही उजळतात आणि तासन्‌तास प्रकाश पडत राहिल्याने जिवंत पेशींना इजा पोहोचते. ओपनस्पिममध्ये मात्र दंडगोलाकार भिंगाने लेझरचा झोत पातळ पडद्यासारखा पसरवतात; तो भ्रूणाचा एकच थर उजळतो आणि त्याच्याशी काटकोनात बसवलेले वस्तुभिंग तेवढाच थर टिपते. भ्रूणही काचपट्टीवर दाबला जात नाही, तर अगारोजच्या पारदर्शक जेलमध्ये बसवून पाण्याच्या छोट्या पेटीत टांगलेला असतो, त्यामुळे तो फिरवून सर्व बाजूंनी पाहता येतो.

जोडणी तुम्हाला नक्की जमेल, पण खुला आराखडा म्हणजे फुकटचे यंत्र नव्हे. लेझर, कॅमेरा आणि भिंगे विकतच घ्यावी लागतात, चकाकणारी प्रथिने असलेले भ्रूण लागतात आणि डोळ्यांच्या सुरक्षिततेची शिस्त काटेकोरपणे पाळावी लागते. त्याचे खरे मोल मला वेगळ्याच गोष्टीत वाटते : ज्यांनी यंत्र स्वतः जोडले, त्यांना ते बिघडल्यावर कोठे उघडायचे हे ठाऊक असते.

म्हणून भौतिकशास्त्र विभागाला आतापासूनच सोबत घ्या, आणि तोवर संस्थेच्या नैतिक समितीला विचारून झेब्रा माशाची अंडी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास सुरुवात करा. हा आपल्याच उपखंडातील नद्या-ओढ्यांचा मासा असून मत्स्यालयाच्या दुकानात सहज मिळतो. पहाटे उजाडताच मादी अंडी घालते. मासे ती खाऊन टाकतात, म्हणून टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्या पसराव्यात, म्हणजे अंडी फटींत सुरक्षित राहतात. पाणी साधारण २८ अंश सेल्सिअस असेल, तर फलनानंतर पाऊण तासात पहिले विभाजन होते आणि पुढची दर पंधरा मिनिटांना होत जातात, म्हणजे एका तासिकेत विद्यार्थिनींना दोनाच्या चार आणि चाराच्या आठ पेशी होताना दिसतील. दुसऱ्या दिवशी त्याच पारदर्शक अंड्यात हृदय धडधडताना दिसते.