फाईल मी उचलली, पण त्याला हात लावला नाही

ताई,
अकरा वर्षं मी एकाच कंपनीच्या हिशेब विभागात आहे. तीन आठवड्यांपूर्वी, महिनाअखेरच्या गडबडीत, एका ज्युनिअर सहकाऱ्याशी माझं वाजलं. त्याने दिलेल्या आकड्यांत तिसऱ्यांदा तीच चूक होती. माझा आवाज चढला, हे मी नाकारत नाही. त्याच्या टेबलावरची फाईल उचलून मी माझ्या जागेवर आले. दोन दिवसांनी त्याने तक्रार दिली: मी त्याचा दंड धरून फाईल हिसकावली आणि सगळ्यांसमोर त्याला 'नालायक' म्हटलं. मी त्याला हात लावलेला नाही. तो शब्दही वापरलेला नाही. आता शिस्तभंगाच्या सुनावणीची नोटीस हातात आहे, नऊ दिवस उरलेत. झोप लागत नाही. कधी वाटतं, त्याला गाठून विचारावं, का असं केलंस? कधी वाटतं, राजीनामा देऊन मोकळं व्हावं. एक मैत्रीण म्हणते, 'तू अशी नाहीस' म्हणून सगळ्यांच्या सह्या गोळा करू. घरी अजून काही बोललेले नाही. आणि सगळ्यांत मोठी भीती ही की तिथे मला रडूच कोसळलं तर?
— एक वाचक

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही 'तू'च म्हणते.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: 'माझा आवाज चढला, हे मी नाकारत नाही.' नऊ दिवसांनी त्या खोलीत तुझ्याजवळ सगळ्यांत मोलाचं असं हेच वाक्य असणार आहे. भीतीपोटी ते गिळू नकोस. जवळची माणसं तुला सांगतील, 'सरळ सगळं नाकार, कबूल केलंस की अडकलीस.' त्यांची माया खरी आहे, सल्ला चुकीचा आहे.

नोकरीत असताना मी अशा चौकशांमध्ये समितीच्या बाजूने बसले आहे. एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. एका माणसावर तीन आरोप होते. त्यातले दोन, मला आजही वाटतं, खोटे होते. तिसरा खरा होता आणि फारसा गंभीरही नव्हता. त्याने घाबरून तिन्ही नाकारले. खरा होता तो एका साध्या ईमेलने दहा मिनिटांत सिद्ध झाला. त्यानंतर उरलेल्या दोन्हींबद्दल तो जीव तोडून खरं सांगत होता आणि समोरचं कोणी त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. त्याचा चेहरा आठवला की मला अजून वाईट वाटतं.

असं होतं, कारण अशी सुनावणी म्हणजे फौजदारी खटला नव्हे. तिथे गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. इथे समिती बहुधा एवढंच ठरवते की दोघांच्या सांगण्यातलं कोणतं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे. दोन माणसं, दोन हकिकती, आणि मधे फार थोडा पुरावा. मग वजन पडतं ते कोणाचा शब्द जास्त टिकतो यावर. जी बाई स्वतःच्या विरोधात जाणारी गोष्ट न विचारता सांगते, तिचं 'मी हात लावला नाही' हे वाक्य ऐकणाऱ्याला वेगळं ऐकू येतं.

तेव्हा आज रात्री नोटीस समोर घे आणि आरोप सुटा सुटा कर. आवाज चढवला. दंड धरला. फाईल हिसकावली. 'नालायक' म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. प्रत्येकापुढे लिही: खरं, खोटं, की आठवत नाही. 'आठवत नाही' हेही प्रामाणिक उत्तर आहे, ते लिहायला कचरू नकोस.

'हिसकावली'पाशी मात्र थांब. तू लिहितेस 'उचलली', तो म्हणतो 'हिसकावली'. फाईल तर एकच होती. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटारींच्या टकरीच्या फिल्म दाखवल्या आणि मग वेगाचा अंदाज विचारला. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, एकमेकींना लागल्या तेव्हा किती होता? 'आदळल्या' ऐकणाऱ्यांचा सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैल आला, 'लागल्या' ऐकणाऱ्यांचा सुमारे ३२. फरक होता फक्त क्रियापदाचा. पुढच्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली का? 'आदळल्या' ऐकलेल्यांपैकी जास्त जणांनी हो म्हटलं. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच.

हे सांगते ते दोन कारणांसाठी. पहिलं म्हणजे, तो मुलगा खोटंच बोलतो आहे असं धरून चालू नकोस. अपमानाने कान तापलेले असताना समोरून हात आला, फाईल गेली, आणि दोन दिवस कोणाकोणाला सांगता सांगता 'गेली'ची 'हिसकावली' झाली, हे अगदी शक्य आहे. कदाचित त्याला खरोखर तसंच आठवत असेल. दुसरं कारण तुझं आहे. तुझी आठवणही तशीच बदलू शकते. म्हणून इतरांशी त्या दिवसाचं बोलणं काढण्याआधी स्वतःचं लिहून ठेव: तू कुठे उभी होतीस, टेबल दोघांच्या मधे होतं का, फाईल कोणत्या हाताने उचललीस, तोंडातून नेमके कोणते शब्द गेले, आसपास कोण बसलं होतं. खाली आजची तारीख घाल. तीन आठवडे आधीच गेलेत.

आता कागदांचं. उद्याच लेखी मागणी कर, ईमेलने, चार ओळींत: तक्रारीची प्रत, घेतले असतील तर साक्षीदारांचे जबाब, कंपनीची शिस्तविषयक नियमावली, आणि त्या जागेवर कॅमेरा असेल तर त्या दिवसाचं रेकॉर्डिंग जपून ठेवण्याची विनंती. शेवटची गोष्ट एक दिवसही लांबवू नकोस, कारण बऱ्याच ठिकाणी जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं चढत राहतं. नियमावलीत तीन गोष्टी शोध. सोबत कोणाला आणता येतं का, स्वतःचे साक्षीदार देता येतात का, आणि निकालावर अपील किती दिवसांत करायचं. कागद वेळेत मिळाले नाहीत तर तारीख पुढे मागायला लाजू नकोस. नोकरी जाण्याइतकं प्रकरण गंभीर दिसत असेल, तर कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला किंवा युनियनच्या माणसाला सुनावणीच्या आधी भेट, नंतर नाही.

ही मागणी करताना आपण उद्धटपणा करतोय असं तुला वाटेल. अजिबात नाही. १७१८ साली केंब्रिज विद्यापीठाने रिचर्ड बेंटली या विद्वानाच्या पदव्या त्याचं म्हणणं न ऐकताच काढून घेतल्या होत्या. न्यायालयाने त्या परत द्यायला लावल्या. तेव्हा एका न्यायमूर्तींनी दाखला दिला होता तो असा की प्रत्यक्ष देवानेही आदमला शिक्षा देण्याआधी विचारलं होतं, तू कुठे आहेस, ते फळ तू खाल्लंस का? सगळं जाणणाऱ्यानेही आधी विचारलं! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या करारातही हेच आहे: वर्तनाच्या कारणावरून कोणाला कामावरून काढायचं, तर आधी आरोपांना उत्तर द्यायची संधी दिली पाहिजे. त्याच वर्षीच्या शिफारशीत तर उत्तर देताना सोबत दुसरी व्यक्ती असावी असंही म्हटलं आहे. सगळ्या देशांनी तो करार स्वीकारलेला नाही, पण त्यामागचं तत्त्व जगभरच्या चौकश्यांमध्ये चालतं. नोटीस आली म्हणजे निकाल लागला असं धरू नकोस. तुला अजून कोणी ऐकलेलंच नाही.

त्या मुलाला गाठू नकोस. फोन नाही, मेसेज नाही, कोणाच्या हाती निरोप नाही. तुझा हेतू कितीही स्वच्छ असला तरी कागदावर त्याला 'तक्रारदारावर दबाव' असं नाव पडेल. कामापुरतं बोलणं टळत नसेल तर कामापुरतंच बोल.

सह्यांचं मैत्रिणीला प्रेमाने नको म्हण. तू स्वभावाने कशी आहेस हा तिथला प्रश्नच नाही. त्या दुपारी त्या टेबलापाशी काय झालं, एवढाच आहे. तिथे नसलेल्या तीस जणांच्या सह्यांपेक्षा तिथे असलेल्या एकाचा जबाब मोठा. त्या माणसांची नावं समितीला दे आणि त्यांचे जबाब समितीलाच घेऊ दे. तू त्यांना पढवू नकोस, 'तुला आठवतंय ना' एवढंसुद्धा नको.

राजीनामा? आत्ता नको. निर्दोष असून दिलास तरी लोक त्याला कबुलीच समजतील, आणि तुझी बाजू कुठेच नोंदवली जाणार नाही. निकालानंतरही तिथे राहावंसं वाटलं नाही, तर शांत डोक्याने ठरव.

एक गोष्ट मात्र तुला आवडणार नाही. 'तिसऱ्यांदा तीच चूक' हे तू पत्रात अगदी आधी लिहिलं आहेस. सुनावणीत ते बचाव म्हणून पुढे करू नकोस. विचारलं तर सांग, कारण ते खरं आहे. पण त्याच्या चुकीमुळे तुझा चढलेला आवाज बरोबर ठरत नाही. तू अकरा वर्षांची सीनिअर, तो नवा, भोवती सगळं ऑफिस. शब्द कोणताही असो, त्याला ते लागलं असणार. हे तुला मनापासून पटलं तरच म्हण, आणि असं म्हण: 'मी आवाज चढवला. ती माझी चूक होती, त्याचा मला खेद आहे. मी त्याला हात लावला नाही आणि तो शब्द वापरला नाही.' मधे 'पण' घालू नकोस. बोलून झालं की थांब. समोरचे काही लिहीत बसले, खोलीत शांतता पसरली, तरी ती भरायला जाऊ नकोस. मी तिथे बसून पाहिलंय, माणसं त्या शांततेतच नको ते बोलून जातात.

शेवटी इतिवृत्तावर सही मागतील. घाई करतील. तरी प्रत्येक ओळ वाच. तू 'उचलली' म्हणाली असशील आणि तिथे 'ओढली' लिहिलं असेल, तर दुरुस्त करून घे आणि मगच सही कर. प्रत माग.

घरी आजच सांग. नऊ रात्री हे एकटीने छातीशी धरून बसलीस तर सुनावणीला पोहोचेपर्यंत तुझ्यात बोलायचं बळ उरणार नाही. घरच्यांनी काही करायला नको, फक्त त्यांना माहीत असू दे.

आणि रडू आलं तर येऊ दे. रडणाऱ्या माणसाला समितीने पहिल्यांदा पाहिलेलं नसतं. 'मला पाच मिनिटं द्या' म्हण. बाहेर जा, पाणी पी, तोंड धू. परत येऊन बस, लिहून नेलेला कागद समोर ठेव आणि जिथे थांबली होतीस त्या ओळीपासून पुढे वाच.

— तुझी ताई