जुन्या यामाहा आरएक्स 100 च्या पुढच्या शॉकअपमध्ये ऑइल बरोबर आहे की नाही, हे मोजायचं कसं?

तुमच्याकडे वडिलांची 1993 ची आरएक्स 100 आहे. सोलापुरातच एका गॅरेजात पुढची ऑइल सील बदलून घेतली आणि तेव्हापासून खड्ड्यात पुढून ‘ठक्क’ वाजतं, ब्रेक दाबला की गाडी नाकावर बसते. मेकॅनिक म्हणतो माप बरोबर टाकलंय. त्याचं म्हणणं खरं असेलही, पण माप बरोबर म्हणजे लेव्हल बरोबर असं नाही.

आधी एक खात्री करून घ्या. गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला, शॉकअपचे खालचे भाग दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. तिथे खडखड लागली तर कोन सेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) बघा, ऑइलचा त्यात काही संबंध नाही. खडखड नसेल तर पुढे वाचा.

मॅन्युअलमध्ये मिलीचा आकडा बहुतेक वेळा पूर्ण खोलून, धुऊन कोरड्या केलेल्या शॉकअपसाठी दिलेला असतो. नुसतं जुनं ऑइल काढून नवीन ओतलं तर आत थोडं शिल्लक राहतंच, आणि दोन्ही बाजूंना सारखंच राहील याची काही हमी नसते. त्यात तीस वर्षांच्या गाडीत शॉकअपचे वरचे पाइप बदललेले. म्हणून पाइपाच्या वरच्या तोंडापासून ऑइल किती खाली आहे, तेच मोजायचं. स्प्रिंग बाहेर, पाइप तळापर्यंत पूर्ण दाबलेला आणि शॉकअप सरळ उभा, अशा स्थितीत.

एवढी काटेकोरी कशाला? ऑइलच्या वर जी हवा कोंडलेली असते ती दुसऱ्या स्प्रिंगचं काम करते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट दाबून धरलं की शेवटी दांडा जड जातो, तसंच. ऑइल कमी असलं तर हवेची जागा मोठी, मग शॉकअप शेवटच्या टप्प्यात अडतच नाही आणि तळाला आपटतो. हाच तुमचा ‘ठक्क’ असावा. जास्त झालं तर अर्ध्यानंतर पुढचा भाग दगडासारखा होतो आणि सगळा दाब ऑइल सीलवर येतो. सुरुवातीच्या हालचालीत मात्र लेव्हलचा फरक फारसा कळत नाही, म्हणून गॅरेजात हँडल दाबून बघितलं तर सगळं ठीकच वाटतं. पाइपाचा आतला व्यास 25 मिमी धरला तर 10 मिमी लेव्हल म्हणजे जेमतेम 5 मिली. मापाच्या भांड्याला एवढं ऑइल चिकटूनच राहतं!

खोलताना घाई नको. इंजिनाखाली जॅक किंवा लाकडी ठोकळा, चाक आणि मडगार्ड बाहेर. वरच्या टीचा (दोन्ही शॉकअप वर धरणाऱ्या पट्टीचा) पकडबोल्ट असेल तर आधी तो सैल करा, मग शॉकअप गाडीवर असतानाच वरचं झाकण थोडं सैल करा. बाहेर काढल्यावर ते सुटता सुटत नाही. शेवटच्या आट्यांना हाताने दाबून धरा, तोंड बाजूला ठेवा. खाली दाबलेली स्प्रिंग आहे, झाकण उडालं तर डोळ्याला लागेल. काही गाड्यांत बोल्टाऐवजी सर्कलिप (खाचेत बसणारी तारेची कडी) असते, तिथे दुसरा माणूस लागतोच. स्प्रिंग कोणत्या बाजूने वर होती ते बघून ठेवा आणि बसवताना तशीच बसवा. पुसायला टॉवेल घेऊ नका. आपल्या सोलापूरचा टॉवेल अंग पुसायला उत्तम, पण त्याचे धागे सुटतात आणि आत जातात. जुनं धुतलेलं सुती धोतर चांगलं.

शॉकअप गाडीवर ठेवून मोजू नका. तिथे तो मागे कललेला असतो आणि ऑइलचा पृष्ठभाग तिरका दिसतो. बाहेर काढून उभा धरा. ऑइल ओतलं की पाइप हळूहळू खाली-वर करा, आधी थोडा, मग पूर्ण, जोवर हाताला सलग एकसारखा विरोध लागत नाही तोवर. मग दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा. बुडबुडे बसले की लेव्हल खाली जाते, आणि त्याआधी मोजलेला आकडा खोटा असतो.

मोजायचं साधन घरी बनतं. सिव्हिल हॉस्पिटलसमोरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये 50 मिलीची सिरिंज आणि सलाइनची नळी मिळेल. नळी गुंडाळीतली असल्याने वाकते, म्हणून तिला सायकलचा स्पोक बांधा, नळीचं तोंड आणि स्पोकचं टोक एका रेषेत. समजा लेव्हल 150 मिमी हवी आहे. तर खालच्या टोकापासून बरोबर 150 मिमीवर स्पोक काटकोनात वाकवा. हा वाकवलेला हात पाइपाच्या काठावर टेकला की नळीचं तोंड आपोआप हव्या त्या खोलीवर. ऑइल मुद्दाम थोडं जास्त भरा आणि सिरिंजने ओढत राहा. नळीतून ऑइलऐवजी हवा यायला लागली की लेव्हल लागली. स्टीलची पट्टी बुडवून बघण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं, कारण पट्टी पाइपाला घासते आणि ओली खूण भलतीच वर दिसते.

हवा असलेला आकडा मॅन्युअलमधून घ्या. जुन्या गाड्यांत तो साधारण 100 ते 200 मिमीच्या दरम्यान असतो. मॅन्युअलमध्ये फक्त मिली दिले असतील तर एक शॉकअप पूर्ण खोलून कोरडा करा, तेवढं ऑइल मोजून टाका आणि लेव्हल बघा. तो तुमचा आकडा, दुसरी बाजू त्यावर लावा. त्याआधी दोन्ही पाइप शेजारी ठेवून लांबी जुळते ना ते बघा. बाजारातले पाइप नेहमी तंतोतंत नसतात.

सोलापूरच्या उन्हाचंही सांगतो. ऑइल दर अंशाला सुमारे 0.07 टक्के फुगतं. 150 मिली ऑइल 20 अंशांनी तापलं तर 2 मिली वाढतं, म्हणजे पाइपात 4 मिमी. मे महिन्यात एक बाजू सकाळी आणि दुसरी दुपारी पत्र्याखाली केली तर दोन्हीत फरक राहणारच. सावलीत, एकाच बैठकीत दोन्ही करा. ऑइलचा डबा उन्हात ठेवू नका.

ऑइल फोर्कचंच, म्हणजे पुढच्या शॉकअपसाठीचंच घ्या, मॅन्युअल दुसरं सांगत नसेल तर 10डब्ल्यू घट्टपणाचं. इंजिनचं 20डब्ल्यू40 कितीतरी घट्ट असतं. त्याने शॉकअप परत वर यायला वेळ लावतो आणि ओळीने खड्डे आले की दबलेलाच राहतो. होटगी रोडसारख्या रस्त्यावर हे लगेच जाणवेल. घट्ट ऑइल टाकून आपटणं थांबवायचा प्रयत्न करू नका, त्यासाठी लेव्हल आहे.

बसवल्यावर ॲक्सल पूर्ण आवळण्याआधी पुढचा ब्रेक दाबून शॉकअप चार-पाच वेळा खालीवर करा, म्हणजे दोन्ही बाजूंचे शॉकअप आपापल्या जागी बसतात. मग आवळा. तरीही आपटत असेल तर लेव्हल 5 मिमीने वर आणा, दोन्ही बाजूंना तेवढीच, आणि तोच खड्डा त्याच वेगाने पुन्हा घेऊन बघा.