बुरशीविरोधी प्रोटीनं बुरशीची वाढ नक्की कशी थांबवतात? मुळ्याच्या बिया वाटून पोफळीवर मारल्या तर कोळेरोग (पावसात सुपारी सडून गळते तो रोग) थांबेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाही थांबणार. का ते पुढे येईलच. मी गोव्यातल्या फोंड्याकडचा, मायक्रोबायोलॉजी शिकलोय आणि घरचं कुळागर म्हणजे पोफळी-माडांची बाग आहे, त्यामुळे बुरशीशी दोन्हीकडून संबंध, पावसात तर आमच्याकडे कपाटातल्या चामड्याच्या चपलांनापण बुरशी धरते.

तुम्ही मुळ्याचं कुठेतरी वाचलंय ते खोटं नाही. बी रुजताना वरची साल फुटली की आतून डिफेन्सिन जातीची छोटी प्रोटीनं बाहेर झिरपतात आणि बीच्या आजूबाजूला बुरशीला वाढू देत नाहीत. त्यातलं आरएसएएफपी-२ म्हणून एक आहे, जेमतेम ५१ अमिनो आम्लांचं, त्यात ८ सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) आणि त्यांच्या ४ जोड्या गंधकाच्या टाक्यांनी शिवलेल्या, म्हणून एवढंसं असून सहज मोडत नाही.

आता लोकांना वाटतं हे म्हणजे विष, लागलं की बुरशी मेली. तसं नाय. त्याला धरायला काहीतरी लागतं. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात ग्लुकोसिलसेरामाइड नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो, हे प्रोटीन जाऊन त्याला चिकटतं, मग कॅल्शियम आत घुसतं, पोटॅशियम बाहेर गळतं, आत ऑक्सिजनचे मारक रेणू तयार होतात आणि तंतूची वाढ अडते. ह्याचा पुरावा मला फार आवडतो, जी बुरशी हा पदार्थ बनवूच शकत नाही अशी म्युटंट घेतली तर तिला ह्या प्रोटीनचं काहीच वाटत नाही! पोदेर म्हणजे आमचा पाववाला पावात घालतो ते यीस्ट घ्या (पूर्वी सूर म्हणजे माडी घालायचे, ती चव वेगळीच), त्यात हा पदार्थ मुळातच नसतो त्यामुळे तेही मजेत. आपल्या पेशींत असतो पण त्याची घडण जरा वेगळी, त्याला हे चिकटत नाही.

दुसरी तऱ्हा कापणाऱ्या प्रोटीनांची. बुरशीच्या पेशीची भिंत मुख्यतः ग्लुकन आणि कायटिन ह्या साखरेच्या लांब साखळ्यांची, ग्लुकनेज एकाला तोडतं, कायटिनेज दुसऱ्याला, आणि एकेकट्याने भागत नाही तिथे दोघं मिळून काम होतं. कच्ची जागा म्हणजे तंतूचं वाढतं टोक, तिथलं कायटिन नुकतंच घातलेलं असतं, वर बाकीचे थर बसलेले नसतात, तिथे भिंत कुरतडली की आतल्या दाबानेच टोक फुटतं. काही प्रोटीनं तर कापतसुद्धा नाहीत, रबराच्या चिकातलं हेवेन, ४३ अमिनो आम्लांचं, नुसतं कायटिनला धरून बसतं आणि तेवढ्यानेच वाढ मंदावते. आपल्या थुंकीतपण हिस्टाटिन-५ असतं, ते कँडिडा ह्या तोंडात वाढणाऱ्या बुरशीच्या पेशीत शिरून तिचं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बाहेर गळायला लावतं, पण तो विषय लांबेल.

तर कोळेरोग. तो करणारा फायटॉप्थोरा दिसतो बुरशीसारखा, आम्हीपण बोलताना बुरशीच म्हणतो, पण तो खरी बुरशी नव्हे, समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या गोतातला. त्याची भिंत ग्लुकन आणि सेल्युलोजची, कायटिन जवळपास नाहीच, म्हणजे कायटिनवर बसणाऱ्या प्रोटीनला धरायलाच काय नाही. डिफेन्सिनची अडचण वेगळी, ती धन भाराची असतात आणि पाण्यात क्षार, विशेषतः कॅल्शियम, जास्त असले की बऱ्याच जणांचा जोर उतरतो. त्यात बिया घरी वाटून किती प्रोटीन निघणार, आणि जे निघेल ते जुलैच्या पावसात शिपुटावर म्हणजे सुपारीच्या घडावर किती वेळ टिकणार?

आम्ही पाऊस लागायच्या आधी १ टक्का बोर्डो मिश्रण मारतो, १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, मग ४०-४५ दिवसांनी उघडीप बघून परत एकदा. पोफळीवर चढणारा माणूस मात्र आत्ताच सांगून ठेवा, मे महिन्यात कोण मिळत नाही.